शेंगेचे टोक

ईश्वरीच्या आईने प्राध्यापक अप्पारावांपुढे वर्तमानपत्राची घडी ठेवली. ईश्वरी ही त्यांची वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी; गेल्या आठवड्यात ती येलदरीच्या जलाशयात बुडाली होती. “सर, तिच्या पिशवीत घावलं. ह्याच्यासाठीच गेली व्हती का ओ?” आत रानमोहरीची एकच शेंग होती. काठावरची पिवळी फुले निराळ्या जातीची आहेत, असा ईश्वरीचा हट्ट होता. “फुलं सारखीच दिसतात. चपट्या टोकाची शेंग आण, मग वाद घाल,” असे अप्पारावांनी तिला भर वर्गात सुनावले होते. त्यांनी भिंग लावले. टोक गोल होते; ईश्वरी चुकली होती. “सरांना हरवूनच दाखवते, म्हणायली व्हती. लेकराचं खरं निघालं का सर?” एकाही नमुन्यावर चुकीच्या नावाची चिठ्ठी अप्पारावांनी आजवर राहू दिली नव्हती. “तिचंच खरं, ताई,” म्हणत त्यांनी शेंगेच्या चिठ्ठीवर ईश्वरीने सांगितलेले नाव पक्क्या शाईने लिहिले.