पाणी पडलं तेव्हा

त्र्याहत्तर साली कुरुंद्यात माझं पहिलं लेकरू जन्मताच गेलं. फादर परगावी होते, म्हणून सुईण गोजरबाईनंच, मी सांगितलेले बाप्तिस्म्याचे शब्द म्हणत, त्याच्या डोक्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. सकाळी, फादर नसताना प्रार्थना घेणारे मास्तर दारात अडून बसले. “गोजरबाई बौद्धाची. तिच्या हातचा बाप्तिस्मा कसा चालंल? लेकरू कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरा.” तेवढ्यात फादर सायकलवरून उतरले. “पाणी घालणारा ख्रिस्ती नसला तरी चालतं, मास्तर. पोप निकोलसनं अकराशे वर्षांमागंच लिहून ठेवलंय.” मग ते गोजरबाईकडं वळले. “पण मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो, बाई. पाणी पडलं तेव्हा लेकरू जितं होतं?” गोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं. “व्हय, बापा. पाणी पडताच रडलं.” फादरनी मला विचारलं. त्या रडण्यासाठीच मी कान लावून पडले होते. ते आलंच नव्हतं. “व्हय फादर,” मी म्हणाले, “लई रडलं.”