तिसरी डिस्टिलरी

"नाही म्हणजे नाही! डिस्टिलरी उघडणार नाही," कोंबड्यांपुढे जव फेकत एफीमावशी म्हणाली.

डंकन राल्स्टनने कपाळावर हात मारून घेतला. स्कॉटलंडमधल्या कॅम्बेलटाउन गावात व्हिस्की गाळणाऱ्या दोनच डिस्टिलऱ्या चालू उरल्या होत्या, त्यांतली एक त्याची. तिसरी, बंद पडलेली, मावशीची. तिचे वडील वारल्यावर तिने तिला जे कुलूप ठोकलं, त्याला तीस वर्षं झाली. गेला महिनाभर डंकन त्या कुलपापुढे डोकं आपटत होता.

"मावशी, व्हिस्कीचे प्रांत ठरवणारे एडिंबरोचे साहेब सोमवारी येतायत. म्हणतात, दोन डिस्टिलऱ्यांचा कुठे प्रांत असतो का! लोलँड प्रांतात तीन आहेत, म्हणून ते वाचले. आपण हायलँड प्रांताचं शेपूट होणार, बाटलीवरही त्यांचंच नाव!"

"होऊ दे."

"होऊ दे काय? एके काळी या गावात तिसेक डिस्टिलऱ्या होत्या! खर्च माझा, भांडी मी घासून घेतो. तू फक्त किल्ली दे."

"नववर्षाची बाटली न्यायला येतोस, तेव्हा नाही इतकी बडबड करत!"

 आपल्या वडिलांच्या शेवटच्या पिंपातली एकेक बाटली मावशी दर नववर्षाला घरोघरी वाटायची. तशी व्हिस्की आता कुणाला जमत नाही, हे त्यालाही मान्य होतं.

"ते पिंप संपलं की तुझ्या वडिलांची चवही गेली," तो म्हणाला.

"संपेल तेव्हा बघू."

असली हटवादी बाई शोधून सापडायची नाही! डंकन तरातरा फाटकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"पणजोबांपासून बाटलीवर या गावाचं नाव आहे, मावशी. ते मी माझ्या हाताने खरवडू?" त्याचा आवाज चिरकला.

मावशीने उरलेले जव एकदम फेकून दिले.

"रडू नकोस मेल्या, घोडा झालास! चल."

गंज काढायला डंकनने गाडीतून तेलाची बुधली आणि तारेचा ब्रश घेतला. दोन्हींची गरज पडली नाही. कुलूप एका झटक्यात उघडलं.

आतून गरम वाफ तोंडावर आली. तांब्याचे दोन्ही हंडे आरशासारखे लखलखत होते. त्यांच्याखाली आग धडधडत होती आणि नळीतून नितळ धार पडत होती. भिंतीला लावलेली पिंपं थेट छतापर्यंत गेली होती.

डंकनच्या हातातला ब्रश गळून पडला.

"आता कळलं?" मावशी वैतागून म्हणाली. "परवाना काढून उघडायची, तर आधी बंद नको का करायला?"