घाटातली सोबत

“पोरले अंगनमा एकली सोडू नको,” सासू भिकुबाईंनी सांगितलं होतं, तेव्हा रंजिता हसली होती. तोरणमाळला पाहुणे येतात, इथे कुणाची भीती?

मग घाटात इंदूरच्या एका कुटुंबाची गाडी लुटली गेली. बातमी पसरली आणि तलावाकडचे लॉज ओस पडले. रंजिता आणि तिचा नवरा कुंदन यांच्या लॉजवर दिवाळीतही एक खोली उघडली नाही. आपल्या छोट्या लेकीला, परीला, रंजिता आता नजरेआड होऊ देईना.

शेवटी लॉजवाल्यांनी ठरवलं: खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत आपला एक माणूस सोबत बसेल. ओळखीचा चेहरा दिसला की लुटारू धजत नाहीत, नाक्यावरचे पोलीसही अडवत नाहीत.

तेव्हा कुठे सुरतचं एक जोडपं आलं. बरोबर परीएवढीच मुलगी.

“या पाहुना नीट घर गयात, तंच दुसरा येतीन,” कुंदन म्हणाला.

“मंग शेवभाजीमा तिखट कमी टाक. मागला पाहुना पानी पी पी पळना,” रंजिता म्हणाली.

मुलगी आल्यापासून झोपूनच होती. “घाट लागला तिला,” बाई म्हणाली. रंजिता पांघरूण घालायला वाकली, तर पोर पुटपुटली, “माले घर जानं शे.”

“ही तर आमची बोली,” रंजिता चकित झाली.

“सांभाळायला तुमच्याकडचीच बाई आहे ना. दिवसभर तिच्याच मांडीवर.” बाई हसली.

रंजितालाही बरं वाटलं. सुरतेत निम्मा खानदेश राहतो.

सकाळी धुक्यात गाडी निघाली, कुंदन पुढच्या सीटवर. फोनला रेंज नाही. रंजिता परीचा हात धरून वळणाकडे बघत उभी राहिली.

दुपारी कुंदन जीपने परतला.

“उतरनात का नीट?”

“हाव. नाक्यावर आज प्रत्येक गाडी उघडी करी ऱ्हायनात, डिकीसुद्धा. मन्हं तोंड देखं आनि म्हनात, तुन्हा पाहुना शेत का, जाय.”

तिने सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात रेंज आली आणि कुंदनचा फोन वाजत सुटला. सगळ्या ग्रुपवर एकच फोटो: प्रकाशा गावी तापीच्या घाटावर आईचा हात सुटून हरवलेली मुलगी. रंजिताने काल तिलाच पांघरूण घातलं होतं.

ती पोर अजून सापडलेली नाही, म्हणून रंजिता दिसेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या शेजारी कुणी लहान मुलगी घेऊन नव्याने राहायला आलं असेल, तर एकदा जाऊन बघा. तिला अहिराणीत विचारा, “तुन्ही माय कोठे शे?”