तिसऱ्या अंकात उभं राहायचं असतं

"तासाभरापुरती दे गं," इन्केरी म्हणाली, "नाहीतर मी बसू कशावर?"

पहिला प्रयोग तोंडावर आला होता आणि नाटकासाठी आणलेल्या व्हीलचेअरचं पुढचं चाक सकाळीच मंचाच्या फळ्यांच्या फटीत अडकून मोडलं होतं. गावात दुसरी व्हीलचेअर एकच. तिच्यात हिल्ला बसली होती.

"भूमिका तुला, आता खुर्चीही तुलाच," हिल्ला म्हणाली. "आणखी काही हवं तर सांग. माझा डावा पाय अगदी नाटकातल्यासारखा आहे."

"असं काय बोलतेस? मी म्हटलं होतं ओस्मोला, लेम्पीचं काम हिल्लालाच दे म्हणून."

ते खरं होतं. लेम्पी ही नाटकातली अपंग नायिका. ओस्मो गावचा गुरांचा डॉक्टर. नाटक त्यानंच लिहिलं, त्यानंच बसवलं, आणि लेम्पीला बरं करणाऱ्या डॉक्टरचं कामही स्वतःकडेच ठेवलं. हिल्लानं लेम्पीचं भाषण म्हणून दाखवलं तेव्हा त्याला हुंदका आला होता. "उत्तम!" तो म्हणाला होता. "पण तिसऱ्या अंकात उभं राहायचंय."

"नाही राहिली लेम्पी उभी, तर?" हिल्लानं विचारलं होतं.

"मग शेवट गोड कसा होणार?"

हिल्लाला प्रॉम्प्टर करण्यात आलं.

आताही ओस्मोच धावत आला. वासरू उचलावं तसं त्यानं हिल्लाला सराईतपणे उचललं आणि पहिल्या बाकाच्या कडेला ठेवलं. खुर्ची मंचावर गेली.

फिनलंडातला उन्हाळा म्हणजे गाव नाटक करणारच, पाऊस असो की डास. आज दोन्ही होते. मंच म्हणजे तळ्यात होड्या सोडायचा जुना उतार. त्यावर फळ्या ठोकल्या होत्या, उतार मात्र तसाच होता. लोक रेनकोट घालून बसले होते. हिल्ला मांडीवर संहिता घेऊन प्रत्येक वाक्य इन्केरीच्या आधी पुटपुटत होती. गरज नव्हती, इन्केरीला पाठ होतं. पण ओठ ऐकेनात. आपली खुर्ची तिनं इतकी समोरून कधी पाहिली नव्हती. छान दिसत होती. जरा आगाऊ.

तिसरा अंक आला. पांढऱ्या कोटातल्या ओस्मोनं हात उंचावला. "लेम्पी, ऊठ!"

इन्केरी उठली. उठण्याची तालीम तिनं वसंतभर केली होती. ब्रेक लावण्याची कुणीच केली नव्हती. रिकामी खुर्ची मागं सरकली, क्षणभर थांबली, आणि तळ्याकडे निघाली.

"ब्रेक!" हिल्ला ओरडली.

इन्केरी गुणी नटी होती. बाकावरून शब्द आला की तो आपलाच. तिनं दोन्ही हात पसरले आणि आभाळाकडे बघत म्हणाली, "ब्रेक!"

ओस्मोनं हे वाक्य लिहिलं नव्हतं. पण माणूस हरणारा नव्हता. "होय लेम्पी," तो भरल्या गळ्यानं म्हणाला, "ब्रेक!"

हिल्लाच्या शेजारच्या बाईनं रुमाल काढला. खुर्ची फळ्या ओलांडून लाकडी धक्क्यावर गेली, आणि त्याच्या टोकावरून, फारसा आवाज न करता, पाण्यात. लोक उठले, पुढे सरसावले. हिल्लाला आता फक्त रेनकोटांच्या पाठी दिसत होत्या. पाठी हलत होत्या. टाळ्या चालल्या होत्या.

प्रयोग संपला. लोक सॉसेजच्या टपरीकडे पांगले, तेव्हा लेम्पीच्या झग्यातली इन्केरी कमरेइतक्या पाण्यातून खुर्ची ओढत आली. चाकांत शेवाळ होतं. तिनं खुर्ची आडवी करून निथळत ठेवली.

"उद्याही बुडवू या!" ओस्मो आनंदानं लाल झाला होता. "कळलं का तुम्हाला? खुर्ची म्हणजे तिचा भूतकाळ!"

"ओस्मो," हिल्ला म्हणाली, "मी त्या खुर्चीतून घरी जाते."

ओस्मोनं खुर्चीकडे पाहिलं. मग बुटांकडे. "नवीन घेऊन देतो."

"नवी नको. ती सुकेपर्यंत मला तिसरा अंक करू दे."

"आता? बघायला कोण आहे?"

"मी कुठे म्हटलं कुणी बघावं म्हणून?"

इन्केरीनं झगा पिळला आणि हिल्लाच्या काखेत हात घातला. ओस्मोनं पाय धरले. फळ्यांच्या मधोमध त्यांनी तिला बसवलं. हिल्लानं आपले पाय हातांनी उचलून नीट एका बाजूला ठेवले, ओल्या फळीवर तळवा टेकला आणि सुरुवात केली.

"या खिडकीतून मला सगळं तळं दिसतं, डॉक्टर. पलीकडून कुणाला खिडकी दिसते का?"

हे वाक्य इन्केरीनं आज केविलवाणं म्हटलं होतं. हिल्लानं ते साधं विचारलं, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं. संहिता हातात घेऊन उभी असलेली इन्केरी पान उलटायला विसरली. लेम्पी मग बोलतच गेली. तळ्याबद्दल बोलली, नाचायला न्यायला न आलेल्या एका माणसाबद्दल बोलली, आणि त्याला दोन शिव्या हासडल्या. त्या संहितेत नव्हत्या.

ओस्मोची पाळी आली. त्यानं सवयीनं हात उंचावला. "लेम्पी, ऊठ!"

हिल्लानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मान दुखते रे," ती म्हणाली. "तू बस."

ओस्मोनं इन्केरीकडे पाहिलं. इन्केरीनं संहितेत पाहिलं आणि खांदे उडवले. मंचावर बसायला काहीच नव्हतं. थोडा घुटमळून, पांढऱ्या कोटाचा घोळ सावरत, गुडघे कडकडा मोडत तो तिच्यासमोर ओल्या फळ्यांवर बसला.

हिल्ला थांबली होती. आता वाक्य त्याचं होतं.