को-पायलट

लालबागच्या यशवंत घाडींचे कान गिरणीतल्या मागांनी नेले आणि गिरणी संपाने नेली. पुढे लेक हेमांगीने शिवडीच्या गोदामात दोन सीटचं विमान स्वतः बांधलं, तेव्हा आसपासची विमानं कळवणारं यंत्र आणायला ते तिच्याबरोबर गेले.

"हे घ्या, कानात बोलून सावध करतं," दुकानदार म्हणाला. हेमांगीने खुणांनी वडलांना समजावलं.

"बोलणारं नको, दाखवणारं दे," यशवंत म्हणाले. "मीपण बसणार आहे."

दुकानदाराला हसू आलं. हेमांगीने मात्र पडद्याचंच यंत्र घेतलं आणि बापलेकीने मिळून ते बसवलं.

परवानगी मिळाली आणि मुंबईबाहेरच्या धावपट्टीवरून दोघं उडाली. उतरताना ऊन थेट हेमांगीच्या डोळ्यांवर आलं. तेवढ्यात पडद्यावर उजवीकडून एक पिवळा ठिपका झपाट्याने सरकू लागला. यशवंतांनी तिचा खांदा दाबून डावीकडे हात केला. काही न विचारता तिने विमान वळवलं, आणि दुसरं विमान बाजूने सुसाट निघून गेलं.

"मॅडम, तुम्ही मला दिसलाच नाहीत!" त्याचा पायलट रेडिओवर म्हणाला. "मी तुम्हाला कसा दिसलो?"

"माझ्या को-पायलटला दिसलात."

मग वडलांकडे वळून, मागांच्या खडखडाटात कामगार बोलायचे तसा, तिने तो शब्द नुसत्या ओठांनी सावकाश उच्चारला. गिरणी सुटल्यापासून यशवंतांना कुणी कामाच्या नावाने हाक मारली नव्हती. ते असे खदखदून हसले की हेमांगीला इंजिन ऐकू येईना.