टोकाकडची दोन बोटं

"पात्याच्या मुळाशी ही खाच दिसते ना, कार्कीजी? शत्रूचं रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून ठेवलेली असते ती," घरमालक बस्नेत हातातली खुकरी पुढे करत म्हणाला.

हर्कलालने चहाचा घोट गिळला आणि मान डोलावली. पूर्वेकडच्या भोजपूरच्या डोंगरात त्याने चाळीस वर्षं खुकऱ्याच घडवल्या होत्या. त्या चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला शत्रू भेटल्याचं त्याच्या कानावर आलं नव्हतं. लोक खुकरीने चारा तोडत, भोपळे फोडत, दसैंच्या सणाला बोकड कापत. पण इथे काठमांडूत तो लोहार हर्कलाल गजमेर नव्हता. वेलदोड्याची शेती करणारा हर्कलाल कार्की होता. मुलाने, सुजनने, बसमधून उतरता उतरताच त्याला पढवून ठेवलं होतं.

"बा, तोंड उघडू नकोस. लोहार म्हणून कळलं की खोली गेलीच समज. आधीच्या तीन अशाच गेल्यात. रमिलाला आठवा महिना लागलाय, आता तिला घेऊन कुठे दारोदार फिरू?"

शिवाय भाद्रपदाच्या उकाड्यात त्याने बापाला लांब बाह्यांचा स्वेटर घालायला लावला होता. ठिणग्यांनी असे जागोजाग भाजलेले हात वेलदोड्याच्या शेतात होत नाहीत. हर्कलाल घामाने निथळत होता. समोर बस्नेतही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून रुमालाने मान पुसत होता, पण तो हौसेने. त्याला कोण विचारणार?

बस्नेतचं ठमेलमध्ये दुकान होतं. रानात तंबू ठोकून राहणारे आणि भिंतीवर हत्यारं टांगून ठेवणारे परदेशी लोक तिथून खुकऱ्या नेत. त्यांना सांगायच्या गोष्टी तो आधी भाडेकरूंवर वापरून बघत असावा.

"एकदा म्यानाबाहेर काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवायची नसते," तो म्हणाला.

हर्कलालला आपली बायको आठवली. ती दिवसातून दहा वेळा खुकरी काढून मुळे चिरायची. सुजनने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"आणि म्यानातली ही बोथट सुरी पाहा. ही पावाला लोणी लावायची."

लोणी! लोहार तिला चकमक म्हणतात. तिच्यावर घासून पात्याची धार सरळ करायची असते. हर्कलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक बिस्किट उचललं आणि तोंडात कोंबलं.

"आता तसे कारागीर राहिले नाहीत, कार्कीजी. हल्लीचे हे लोहार! माल घेऊन येतात, मी त्यांना पायरीवरच थांबवतो. खोली देतानासुद्धा आडनाव दोनदा विचारतो मी. ज्याने त्याने आपली जागा ओळखून असावं." शेवटचं वाक्य तो जरा मोठ्यानेच बोलला. आत स्वयंपाकघरात त्याची बायको भांडी विसळत होती.

हर्कलालने तेही गिळलं. असलं ऐकायची त्याला जन्माची सवय होती. सुजनने खाली मान घातली.

मग बस्नेतने कपाट उघडलं, लाल मखमलीची एक गुंडाळी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी हर्कलालपुढे धरली. "ही विकायची नाही. लाख मोजले तरी नाही. शंभर वर्षांची आहे. फार मोठ्या उस्तादाचा हात! धारेला दिलेलं पाणी बघा तुम्ही. आज असं पाणी कुणाला देता येतंय?"

हर्कलालने पात्यावरून अंगठा फिरवला. पोटाशी धार बरी होती. टोकाकडे ती बोटाखाली वळलेली लागत होती. त्याने पुन्हा अंगठा फिरवला. सुजनने पुन्हा पाय दाबला, या वेळी चांगलाच जोरात.

"काय? बसलात ना गप्प?" बस्नेत म्हणाला. "याला म्हणतात पाणी!"

जात काढली ते हर्कलालने सोसलं होतं. पण कच्च्या पात्याला कुणी पक्कं म्हणावं, हे काही त्याला सोसेना.

"कसला डोंबलाचा उस्ताद!" तो ओरडला. "पहिल्यांदा किटली हातात धरलेल्या पोराचं काम आहे हे. तापलेल्या धारेवर पाणी ओतताना घाबरला बेटा, आणि टोकाशी पोचायच्या आतच किटली उचलली. टोकाकडची दोन बोटं कोरडीच राहिलीत. बघा, धार कशी वळलीय! आणि शंभर वर्षं म्हणे. पन्नाससुद्धा नाहीत झालेली."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय करून बसलो. एवढं ज्ञान कुठल्या वेलदोडेवाल्याला असतं? सुजन पांढराफटक पडला होता. वरच्या खोलीतून रमिलाच्या पावलांचा आवाज येत होता, सावकाश, जड. हर्कलालला स्वतःच्या जिभेचा एवढा संताप आला की ती चकमकीवर घासून टाकावी. दोन घटका गप्प बसवलं नाही म्हाताऱ्याला!

बस्नेत उठला. सुजनही उठून उभा राहिला. हात जोडून तो म्हणाला, "साहेब, निदान दोन महिने तरी..."

बस्नेतने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने कानोसा घेतला, मग जाऊन मधलं दार लोटलं आणि कडी घातली. परत येऊन तो हर्कलालच्या अगदी शेजारी बसला. खुकरी स्वतःच्या मांडीवर घेतली. मनगटाचं बटण काढून बाही कोपरापर्यंत सारली; हातावर जागोजाग ठिणग्यांचे जुने डाग होते. मग टोकापासून एकेक बोट ठेवत त्याने धार मोजली.

"दोनच बोटं म्हणता, दादा?" तो हळूच म्हणाला. "माझा बा तर तीन म्हणायचा."