खांद्यावरचं कोकरू

पंच्याण्णव सालच्या ऊसतोडीत वरकुट्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनचं सिलिंडर एकच होतं, आणि ते दम्यानं घुसमटलेल्या तात्याबाला लावलेलं. तेवढ्यात तोडणीवाल्यांनी काळंनिळं पडलेलं तान्हं पोर आणलं. तात्याबाची डॉक्टर लेक रेश्मा क्षणभर थबकली, मग बापाच्या तोंडावरचा मास्क काढून तिनं पोराला लावला.

"सख्ख्या बापाचा जीव घेतीस व्हय गं?" आई सारजा कडाडली.

पोर टाहो फोडून रडलं, तेव्हा कुठं तात्याबा धापा टाकत बोलला, "गप, सारजे. ल्हानपणी मेंढरांमागं चालताना ही दमून माझ्या खांद्यावर बसलेली. वाटंत कोकरू गळाठून पडलं, तवा हिला उतरवून मी कोकरू घेतलं. लय रडली हुती."

मग धपापती छाती फुगवून म्हणाला, "ध्यानात ठिवलंय पोरीनं!"